तुमच्या गावात सगळ्यांचं असं काय आहे?

देवाने भीती वाटून द्यायला काढली तेव्हा आमचे गुरुजी रांगेत नव्हतेच, बहुतेक कुठल्या तरी तलावाच्या पाळीवर उभे राहून पाणी मोजत असतील, आणि त्यांच्या वाटणीची भीती वाया जाऊ नये म्हणून ती माझ्या पोत्यात ओतली गेली, अशी माझी पक्की समजूत आहे. मी पोलिसाला भितो, शिक्क्याला भितो, लिफ्टला भितो, इंग्रजीत छापलेल्या कागदाला तर तो कोरा असता तर बरं झालं असतं इतका भितो. जिथे भिण्यासारखं काहीच दिसत नाही तिथे आपल्या नजरेतून काही सुटलं असेल म्हणून भितो. आणि गुरुजी? गुरुजी विमानतळावरच्या गणवेशातल्या माणसाच्या डोळ्यांत डोळे घालून विचारतात, "भाऊ, तुमच्या गावात सगळ्यांचं असं काय आहे?"

हा प्रश्न ते सगळ्यांना विचारतात. बसच्या ड्रायव्हरला, विहारातल्या भिक्खूंना, नारळपाणी विकणाऱ्या बाईला. समोरच्याला कळलं नाही तर हाताने समजावतात: हे माझं, हे तुझं, आणि मग दोन्ही हात फाकवून, हे सगळ्यांचं. एवढं करूनही कळलं नाही तर मोठ्याने मराठीत विचारतात. त्यांचा अभ्यासच तो आहे. निवृत्त झाल्यावर माणसं नातवंडं खेळवतात, अंगणात मिरच्या लावतात. गुरुजींनी खाकी कव्हर घातलेली एक दोनशेपानी वही घेतली, लेबलावर स्वतःचं नाव टाकलं, 'इयत्ता'पुढे 'चालू' लिहिलं आणि 'विषय'पुढे लिहिलं, 'दुसऱ्याच्या घरात घुसलेले लोक, त्यांना आडवे आलेले लोक, आणि सगळ्यांचं जे असतं ते.' जे जे देश कोणा ना कोणा साहेबाच्या ताब्यात होते ते एकेक करून डोळ्यांनी पाहायचे, असा नेम धरला. परदेशात एकटं कसं जायचं हे ठाऊक नव्हतं, म्हणून ते भंडाऱ्याहून निघणाऱ्या बौद्ध यात्रेकरूंच्या जथ्यात नाव घालतात. जथा बुद्धमूर्तीपुढे बसला की गुरुजी मनापासून वंदना घेतात, आणि डोळे उघडून लोक बघतात तर गुरुजींची जागा रिकामी. व्हिएतनामला असेच ते लोकांनी लढाईत खणलेल्या भुयारात एकटे शिरले आणि मधोमध त्यांची छत्री उघडली. छत्री बंद होईना, मागचे लोक पुढे सरकेनात. गुरुजी मात्र त्या अंधारात खूश होते, पुढे मला सांगतानाही तसेच खूश. "सत्तावीस, एवढ्याशा बिळात आख्खं गाव राहिलं. त्याइले बाहेर काढनं साहेबाले जमलं नाही, मले बाहेर काढाले तं दोनच मानसं लागले!"

सत्तावीस म्हणजे मी. हजेरीतला माझा नंबर. सानगडीच्या शाळेत गुरुजींनी मला आठवीपर्यंत शिकवलं. आठवीत मी शाळा सोडली, आणि कारण विचाराल तर परीक्षेची भीती, दुसरं काही नाही. मामाबरोबर नागपूरला एका खानावळीत कांदे कापायला लागलो. माझा चुलतभाऊ त्याच वर्गात होता, तो सांगायचा की गुरुजी रोज हजेरी घेताना सव्विसाव्यानंतर माझा नंबर पुकारतच राहिले. "सत्तावीस!" मग दाराकडे बघायचे, जरा थांबायचे. पोरं ओरडायची, "गुरुजी, थो पळाला जी!" गुरुजी 'गैरहजर' म्हणायचे नाहीत. "येईल," म्हणायचे, आणि अठ्ठावीसकडे वळायचे. वर्ष संपेपर्यंत रोज हे असंच. मला हे कळलं तेव्हा मी खानावळीच्या मागे बसून रडलो, आणि तरी गेलो नाही. आता कुठल्या तोंडाने जायचं, याची भीती.

खानावळीतून मोठ्या हॉटेलात, तिथून यात्रा कंपनीच्या स्वयंपाक्यांच्या टोळीत आणि त्या टोळीतून शेवटी मी श्रीलंकेत अनुराधापूरला येऊन पडलो. भारतातून येणाऱ्या यात्रेकरूंसाठी इथे आपल्याकडच्याच एका हिंदी बोलणाऱ्या गृहस्थाचं विश्रामगृह आहे, तिथल्या भटारखान्यात मी डाळ-भात-पोळी करतो. घरी सानगडीला बायको आहे आणि मुलगी आहे. मुलगी गेल्या वर्षी नववीत गेली. आमच्या घराण्यात आठवीची वेस ओलांडणारं ते पहिलं माणूस. मी इथे चुलीपुढे उभा आहे म्हणून ती तिकडे शाळेसाठी साकोलीच्या बसमध्ये बसते, हे मला उठता-बसता आठवतं, आणि आठवलं की फोडणी करपते.

गेल्या जूनमधल्या पौर्णिमेच्या आधी भंडाऱ्याचा जथा उतरला. मी पंगतीत डाळ वाढत होतो. मान खाली, कारण मान वर केली की कोणी तरी काही तरी विचारतं. तेवढ्यात मागून आवाज आला, "सत्तावीस!" पळी हातातून सुटली, आणि कितीतरी वर्षं घशात अडकून पडलेला शब्द आपोआप बाहेर पडला, "हजर जी!"

"बस," गुरुजी म्हणाले, "आता डाळ वाढ."

गुरुजी आले आणि माझ्या भीतीला पूर आला. कारण असं, की त्याच महिन्यात माझा राहण्याचा परवाना संपत होता. मालकांनी पत्रावर सही केली तर आणखी दोन वर्षं. नाही केली तर पेटी बांधून परत, आणि मग साकोलीची बस कशी चालायची? मालक माणूस वाईट नाही. पण त्यांनाही स्वतःच्या वाटणीची भीती होतीच: गावकऱ्यांशी भांडण झालं, दारात पोलीस आला, की परदेशातला धंदा बसला. म्हणून त्यांचा एकच नियम. दुपारी चारला चुली पेटल्या पाहिजेत, आणि गावात जाऊन कोणी भानगड करायची नाही. पत्र त्यांच्या टेबलाच्या खणात होतं. मी येता-जाता त्या खणाला मनातल्या मनात नमस्कार करायचो.

आणि गुरुजी हे चालतं-बोलतं भानगडीचं गाठोडं! पहिल्याच सकाळी त्यांनी चहाचा कप समोर ठेवून मला विचारलं, "ह्याचे पानं कोनं तोडले?" मी म्हटलं, "मळ्यातल्या बायांनी जी." मग त्या बायांच्या पणज्यांना साहेबाने आपल्या देशातून कसं आणलं, रानातून डोंगर चढवत कसं चालवलं, किती वाटेतच गेल्या, हे त्यांनी मला सांगितलं. सांगून होईपर्यंत चहा गार झाला, आणि तो गारच चहा त्यांनी एका घोटात संपवला. नंतर रोज तसंच. मी गरम करून आणला तर म्हणायचे, "राहू दे. चटका बसन असा चहा साहेब पेत होता." दुसऱ्या दिवशी ते स्तूपाची उंची बघायची सोडून शेजारच्या तलावाच्या पाळीची उंची छत्रीने मोजत होते. तीन छत्र्या आणि एक मूठ. वहीत लिहिलं. मग ओंजळीने पाणी घेऊन चाखलं. "आपल्या सानगडीसारखंच लागते रे!" मला तर त्यात विषमज्वराचीच चव आली.

तिसऱ्या दिवशी जेवणं उरकल्यावर ते भटारखान्याच्या दारात उभे. "चाल, बाहेर एका गावाचा तलाव पाहून येऊ."

"चारला चुली पेटवायच्या जी."

"चार म्हणजे चार. मी शाळा कधी उशिरा सोडली का?"

सोडली होती, पुष्कळदा. पण गुरुजींना नाही म्हणण्याचा धडा आठवीपर्यंत तरी आला नव्हता.

गावाबाहेर तलाव होता, तळाला गेलेला. पाळीखाली मात्र हिरवंगार भात, लहान लहान तुकड्यांत, आणि त्यापलीकडे सगळं रान कोरडं. गुरुजींचे वडील आमच्याकडे गावाचे पाणकर होते. तलावाचं पाणी कोणाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या तुकड्यात, किती वेळ सोडायचं हे ठरवायला गाव एक माणूस नेमतं, तो पाणकर. त्यामुळे पाणी हा गुरुजींच्या घराण्याचा धर्मच. पाळीवर उभे राहून ते मला शिकवू लागले, की तलाव खणतं गाव, पाळ बांधतं गाव, आणि मग इंग्रजांच्या कागदावर नाव लागतं एकाच माणसाचं, आणि त्या दिवसापासून पाळ फुटली तर ती कोणाचीच नसते. शिकवता शिकवता त्यांची नजर खाली गेली. खालच्या एका बांधीची धुरा, म्हणजे कडेचा मातीचा बांध, हातभर फोडलेली होती आणि त्यातून पाणी खाली पळत होतं.

"अरे अरे अरे! पानी वाया जाऊन राहिलं!"

"दुसऱ्याचं वावर आहे जी. चला."

पण छत्री माझ्या हातात आली होती, आणि गुरुजी पँट गुडघ्यापर्यंत सारून चिखलात उतरले होते. दोन्ही हातांनी गारा उपसला, भगदाडात लावला, वरून थोपटला. आमच्याकडचा कोणीही माणूस हेच करेल. वाहतं पाणी बघून पुढे गेला तर त्याला घरी जेवण गोड लागणार नाही. पाच मिनिटांत धुरा अशी बांधली की त्यांचे वडील पाठ थोपटते. मग ते पाळीवर बसून वहीत लिहू लागले, 'लोकहिताचे लहान कार्य.'

लिहून होतं न होतं तोच खालच्या अंगाने एक म्हातारी खांद्यावर फावडं घेऊन पळत आली. बुजवलेली धुरा बघितली, आमच्याकडे बघितलं, आणि फावडं जमिनीत रोवून धुरेवर आडवी उभी राहिली. "एपा! एपा!" ती ओरडायला लागली. एपा म्हणजे नको. भटारखान्यात मी तो शब्द रोज ऐकतो, भात पुरे झाला की लोक ताटावर हात आडवा धरून म्हणतात. पण इथला एपा तसा नव्हता. आवाज ऐकून आठ-दहा माणसं जमली. मला समोर माणसं दिसेनात. पोलीस दिसला, मालक दिसले, खण दिसला, आणि साकोलीची बस रिकामीच निघून गेलेली दिसली.

त्यांच्यात एक वयस्क गृहस्थ होते, अंगात बनियन, कमरेला लुंगी. तिथले पाणकरच ते. त्यांनी ओरडणाऱ्यांना गप्प केलं आणि मला, हो, मला, सांगायला सुरुवात केली. माझं सिंहली म्हणजे भात, मीठ, पाणी, जास्त, कमी, आणि भांडी कुठे ठेवू. पण त्यांनी हाताला धरून धुरेधुरेने फिरवलं, दोऱ्या दाखवल्या, काठ्या दाखवल्या, बोटांवर घरं मोजली, आणि हळूहळू ते माझ्या डोक्यात उतरलं. मी गुरुजींना सांगू लागलो. "गुरुजी, हे वावर एकाचं नाही जी. अवंदा तलावात पाणी कमी आहे. म्हणून वरची-लांबची वावरं पडीक टाकली आणि पाळीजवळची एवढीच जमीन पेरली. जमीन आहे तीन घरांची, पण तुकडे पाडून दिले सगळ्या घरांना. ह्यांचं स्वतःचं वावर तिकडे कोरडं पडलं आहे, इथे त्यांना चार खाटांएवढा तुकडा. ही आजी शेवटच्या तुकड्याची. धुरा मुद्दाम फोडली होती जी. आज तिची पाण्याची पाळी होती."

गुरुजी ऐकत होते. ऐकता ऐकता ते चिखलातच खाली बसले. मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर माझ्या ओळखीची वस्तू पाहिली. भीती. स्वतःचीच.

"सत्तावीस, म्या काय केलं समजलं का तुले?" ते म्हणाले. "बाहेरून आलो. कोनाले विचारलं नाही. दुसऱ्याच्या पान्यावर हात ठेवला. आन् वरून लिहिलं का, भल्यासाठी केलं. अरे, ह्याहून निराळं थ्या साहेबानं तरी काय केलं होतं? ह्या वहीत माहं नाव लेबलावर नाही, आतमंदी पाह्यजे." मग उठून त्यांनी म्हातारीपुढे हात जोडले. "सांग तिले. चुकलो म्हनून सांग."

आता माफीचं सिंहली मला कुठून येणार? माझ्याजवळ एकच वाक्य होतं, ताट परत आलं की म्हणायचं. तेच मी जिवाच्या आकांताने म्हटलं: "मीठ जास्त पडलं. नवीन करून देतो."

मग म्हातारीच्या तोंडातून फुर्र असा आवाज आला, आणि ती फावड्याला धरून हसत सुटली. तिला दात नव्हते, त्यामुळे ते हसू फार दिवस लक्षात राहिलं.

पण हसून पाणी परत येत नाही. पाणकरांनी निवाडा दिला: तिच्या पाण्याचा गेला तेवढा वेळ भरून द्या, ज्यांनी बुजवलं त्यांनीच उघडावं, आणि तिचा तुकडा भरेपर्यंत धुरेवर राखण बसावं. गुरुजींनी निवाडा पूर्ण होण्याआधीच धुरा उकरायला घेतली होती. मी सूर्याकडे बघितलं. चार वाजत आले होते. "तू जाय," गुरुजी म्हणाले. मी निघालो, दहा पावलं गेलोही. मग मागे वळून पाहिलं: चिखलाने माखलेला एक म्हातारा, परक्या माणसांत, ज्याला इथलं 'एपा'सुद्धा कळत नाही. दोन्हीकडे भीतीच होती. मी परत फिरलो आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. आम्ही परतलो तेव्हा दिवे लागले होते, चाळीस यात्रेकरू रिकाम्या ताटांपुढे बसले होते आणि बातमी आमच्या आधी पोहोचली होती. मालक आवाज न चढवता म्हणाले, "चिट्ठी भूल जाओ. किचन में मत आना."

दुसऱ्या सकाळी जथा डोंगरातल्या मुलखाकडे निघाला, तीन दिवसांसाठी. त्या डोंगरांत उवा नावाचा भाग आहे. तिथल्या लोकांनी साहेबाविरुद्ध उठाव केला, आणि साहेबाने तो मोडताना गावं जाळली, भाताची शेतं उजाड केली, पाण्याचे बांध फोडले, असं गुरुजींनी वाचलेलं. ह्या सबंध सफरीत त्यांना बघायचं होतं ते तेवढंच. जथ्याची तिकडे जायची इच्छा नव्हती, गुरुजींनीच महिनाभर मागे लागून ते यात्रेत घालायला लावलं होतं. बस हॉर्न वाजवत होती. गुरुजी छत्री घेऊन आले आणि बसकडे न जाता मालकांच्या टेबलासमोर स्टूल ओढून बसले.

"आप नहीं जा रहे?"

"नाही. मी बसतो."

आणि बसले. भांडले नाहीत, विनवणी केली नाही. भटारखान्यातून कांद्यांची टोपली मागवून घेतली आणि मालकांच्या समोर कांदे सोलू लागले, डोळ्यांतून घळाघळा पाणी. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला वाटायचं, ह्या विश्रामगृहात म्हाताऱ्या माणसाला काय केलं आहे! मधूनच विचारायचे, "मालक, तुमच्या ह्या घरात सगळ्यांचं असं काय आहे?" मालक म्हणायचे, "कुछ नहीं! सब मेरा है!" गुरुजी ते वहीत लिहून घ्यायचे. आणि रोज सकाळी, चुली पेटायच्या आधी, ते भटारखान्याची हजेरी घ्यायचे. आम्ही पाच जण. चार जण आपापल्या भाषेत ओ द्यायचे. मग "सत्तावीस!" मी मागच्या पायरीवर पेटी घेऊन बसलेला, आत यायला बंदी, ओ द्यायची छाती नाही. गुरुजी दाराकडे बघायचे, थांबायचे. "येईल," म्हणायचे, आणि कांद्यांकडे वळायचे.

तिसऱ्या सकाळी "सत्तावीस!" झालं, आणि गुरुजींनी दाराकडे मान वळवली, तेवढ्यात मालक खुर्चीतून उठून किंचाळले, "आ गया! आ गया! लिख लो, आ गया!" खण ओढला, पत्रावर सही केली आणि ते माझ्या अंगावर जवळजवळ फेकलं. मला ते वाचता आलं नाही. इंग्रजीत होतं. पण त्या एका कागदाला मी भ्यालो नाही.

त्याच संध्याकाळी जथा डोंगरातून परतला आणि गुरुजींना घेऊन लगेच विमानतळाकडे निघाला. उवा राहिलं ते राहिलंच. निघताना गुरुजींनी खाकी कव्हरची वही माझ्या हातात ठेवली. "निम्मी कोरी आहे. तू जाऊन पाह्य, आन् लिहून पाठव."

"मले लिहिता येते का जी? आठवी शिकलो."

"आठवीपर्यंत म्याच शिकवलं. येत नसन तं चूक माही." आणि मग नेहमीचा प्रश्न, जो त्यांनी मला कधीच विचारला नव्हता. "सत्तावीस, तुह्या गावात सगळ्याइचं असं काय आहे रे?"

मला उत्तर माहीत होतं. 'तुम्हीच होता जी,' एवढंच म्हणायचं होतं. पण बस सुटेल, लोक ऐकतील, गुरुजी रागावतील, अशा तीन-चार भीती एकदम आल्या आणि मी म्हटलं, "तलाव जी." गुरुजी म्हणाले, "बरोबर," आणि गेले.

त्याला आता वर्ष झालं. मुलगी दहावीत आहे. गुरुजींचे गुडघे गेले, डोळ्यांत पडदा आला, पवनीला मुलाकडे असतात. पाळीवरसुद्धा कोणी हात धरल्याशिवाय जात नाहीत. दर रविवारी सकाळी फोन येतो. "सत्तावीस?" "हजर जी." "गेलता का?" "नाई जी." "बरं," म्हणतात, आणि वंदनेला उशीर होतो म्हणून ठेवतात. मी त्यांना सांगितलेलं नाही, की मी दोनदा बसस्थानकापर्यंत गेलो. एकदा तपासणी नाक्यावर कागद बघतात असं कोणी म्हटलं म्हणून परतलो, आणि एकदा बस फार डोंगराळ दिसली म्हणून.

परवा शनिवारी पौर्णिमा आहे, भटारखाना बंद. मी मालकांकडून दोन दिवसांची सुट्टी मागून घेतली आहे, आणि उवाकडचं तिकीट वहीत, कोऱ्या पानात ठेवलं आहे. भीती आहे ती आहेच. पण खरी काळजी निराळीच लागून राहिली आहे. मी जिथे चाललो तिथे डोंगरांमुळे फोन लागत नाही म्हणतात, आणि आधीच सांगून ठेवावं तर तिसऱ्यांदा परत फिरलो तर काय, ही भीती. रविवारी सकाळी पवनीहून गुरुजी माझा नंबर फिरवतील. घंटी वाजणार नाही. ते "सत्तावीस?" म्हणतील, पुन्हा एकदा म्हणतील, आणि मी कुठे आहे हे सांगणारं तिथे कोणी नसेल. मग ते अंधुक डोळ्यांनी दाराकडे बघतील, जरा थांबतील.

"येईल," म्हणतील.